शिक्षकांची उन्हाळी सुट्टी सलग राहू द्या : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

मी गेली २१ वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. उन्हाळी सुट्टी जवळ आली की शिक्षकांनी तिचा सदुपयोग कसा करावा याच्या सूचना यायला लागतात. ‘तुमचं काय, तुम्हाला सुट्ट्याच सुट्ट्या’ हेही ऐकून घ्यावं लागतं. सदुपयोगाला आमची कुणाची ना नाही. तो कसा होतो आणि कशाने हुकतो, हे मी स्वतः अनुभवलं आहे. तेच तुमच्यापर्यंत पोहोचवायचं आहे.

मागच्या वर्षी वर्गात प्रकाशसंश्लेषण शिकवत होते. झाड कशाने वाढतं, असं विचारलं, तर जवळजवळ सगळ्यांनी ‘माती’ म्हणून सांगितलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. “बाई, मग कुंडीतली माती संपत का नाही?” तास संपल्याची घंटा झाली. “उद्या बघू,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुढचा मुद्दा होता, त्याच्या पुढे चाचणी होती. तो प्रश्न राहून गेला.

पण वहीत उतरला. तास फसला किंवा एखाद्या प्रश्नाला नीट उत्तर देता आलं नाही की त्याच दिवशी दोन ओळी लिहून ठेवायची मला सवय आहे. शाळा बंद होण्याआधीच्या आठवड्यात ती वही मी सबंध वाचून काढते आणि त्यातले दोन-तीनच विषय सुट्टीसाठी निवडते. नव्या शिक्षकांनाही मी हेच सांगते. सुट्टीत काय करायचं ते सुट्टी लागल्यावर शोधायला बसलं की काहीच होत नाही, कारण वर्षभराचे चटके तोवर विसरायला झालेले असतात.

त्या सुट्टीत मी या एका प्रश्नामागे लागले. वाचताना सापडलं की सतराव्या शतकात यान बाप्टिस्टा फान हेल्मोंट या रसायनशास्त्रज्ञाने हाच प्रश्न तराजूत घातला होता. २०० पौंड वाळवलेली माती घेतली, ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड १६९ पौंडांच्या वर गेलं, माती घटली ती फक्त २ औंसांच्या (साठेक ग्रॅमच्या) आसपास. त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ साली हे छापून आलं. झाड पाण्यापासूनच बनतं, असं त्यांनी ठरवलं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यांच्या हिशेबातून सुटला. ‘गॅस’ हा शब्द विज्ञानात आणला तो याच माणसाने! एवढ्या मोठ्या संशोधकाने जिथे ठेच खाल्ली तिथेच माझी मुलं अडखळतात, हे कळल्यावर त्या धड्याकडे बघायची माझी दृष्टीच बदलली. शाळेच्या दिवसांत असं वाचन होत नाही. रोज सहा तास बोलणं आणि घरी वह्यांचा गठ्ठा, यात मागे वळून बघायला फुरसत कुठली?

मग ठरवलं, करूनच बघू. दोन किलो माती उन्हात खडखडीत वाळवली, वजन वहीत मांडलं, रोप लावलं, रोज घातलेलं पाणी मोजून लिहायला लागले. नवव्या दिवशी संध्याकाळी फोनवर निरोप आला : परवापासून पाच दिवस प्रशिक्षण, दुसऱ्या गावी मुक्कामी, हजेरी सक्तीची. घरी पाणी घालायला कुणी नव्हतं. परत आले तेव्हा रोपाने मान टाकली होती. विषय होता ‘कृतीतून शिक्षण’, पण त्या पाच दिवसांत आमच्यापैकी कुणीही हाताने एकसुद्धा प्रयोग केला नाही. ज्या मैत्रिणीने गळ्याच्या उपचारांसाठी तेच दिवस राखून ठेवले होते, तिलाही यावं लागलं. दिवसभर मोठ्या आवाजात बोलून शिक्षकांचे स्वरतंतू सुजतात, त्यांवर गाठी येतात, आणि आवाजाला विश्रांती द्यायला वर्षात हीच काय ती संधी असते.

महोदय, प्रशिक्षणाला माझा विरोध नाही. चांगलं प्रशिक्षण मिळावं म्हणून मी आजही धडपडते. पण २००७ साली अमेरिकेत शिक्षक-प्रशिक्षणावरच्या तेराशेहून अधिक अभ्यासांची छाननी झाली. निकषांना उतरले फक्त ९, आणि त्यांत १४ तास किंवा त्याहून कमी वेळाच्या प्रशिक्षणाचा मुलांच्या शिकण्यावर लक्षात घेण्याजोगा परिणाम दिसला नाही. ज्यांचा दिसला ती प्रशिक्षणं त्याहून जास्त तासांची होती आणि मुख्य प्रशिक्षणानंतरही जवळजवळ सगळ्यांत पाठपुरावा चालू राहिला होता. म्हणून मला वाटतं, प्रशिक्षणाची जागा चालू वर्षात आहे. शिकलेलं दुसऱ्या दिवशी वर्गात वापरून बघता आलं पाहिजे.

सुट्टीचं काम वेगळं आहे. त्याच २००७ साली सबिने सोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ या संशोधकांनी कामाचा शीण कशाने उतरतो याची मांडणी केली. मनाने कामापासून दूर होणं, आराम, काही नवं शिकणं, आणि स्वतःच्या वेळेवर स्वतःचा ताबा. यातली शेवटची गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. मी पहिले पंधरा दिवस शाळेचं पुस्तक उघडत नाही. झोप पुरी करते, रखडलेल्या तपासण्या उरकते, कमी बोलते. त्यानंतर डोकं आपणहून धड्यांकडे वळतं, कुणी सांगावं लागत नाही. पण कुठल्याही क्षणी बोलावणं येईल अशी धास्ती असली, की घरी असूनही माणूस सुट्टीवर नसतो. आणि सुट्टीचे तुकडे पडले की दर तुकड्यात पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

मी काही जगावेगळं मागत नाही. युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या शिफारशी ५ ऑक्टोबर १९६६ रोजी पॅरिसमध्ये स्वीकारल्या गेल्या. पुरेशी, पूर्ण पगारी वार्षिक सुट्टी हा शिक्षकांचा हक्क असावा, असं त्यांत स्पष्ट लिहिलं आहे. त्याच तारखेला १९९४पासून जागतिक शिक्षक दिन साजरा होतो.

‘पूर्ण पगारी’ या शब्दांपाशी मात्र मला थांबावं लागतं. तासांवर शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना सुट्टीत पगारच मिळत नाही. मिळेल ते काम करून ते हे महिने काढतात आणि शाळा उघडते तेव्हा आमच्यापेक्षा थकून येतात. त्यांना सदुपयोगाच्या सूचना पाठवताना मला लाज वाटते. आधी त्यांच्या पगाराचं बघावं, ही माझी पहिली विनंती. बाकीच्या मागण्यांना थोडा उशीर झाला तरी चालेल.

त्यानंतर एवढंच. सुट्टीत प्रशिक्षण किंवा दुसरं काम टाळताच येत नसेल तर ते शाळा उघडण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात ठेवा, आणि त्याच्या तारखा शाळा बंद होण्यापूर्वी लेखी कळवा. एकदा कळवल्यावर त्या बदलू नका. आणि शाळांच्या प्रयोगशाळा व ग्रंथालयं सुट्टीत आठवड्यातून दोन दिवस, ज्यांना यावंसं वाटेल त्या शिक्षकांसाठी उघडी ठेवा. मी नक्की येईन. तिथला तराजू माझ्या घरच्या काट्यापेक्षा अचूक आहे, आणि मातीतली बारीक घट मोजायला मला तोच लागणार आहे.

यंदाही माती वाळवून, वजन करून ठेवली आहे. प्रयोग पुरा व्हायला सलग पाच आठवडे हवेत. तो मुलगा आता वरच्या वर्गात गेला, पण शाळेतच आहे. मी त्याला उत्तर द्यायचं कबूल केलं आहे.

आपली नम्र,
एक विज्ञान शिक्षिका