तपासणी झाली म्हणजे नक्की काय झालं?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरातल्या बाळंतपणाच्या आणि माताआरोग्याच्या बातम्या मी नेहमी वाचते. त्यात एक आकडा ठरलेला असतो, इतक्या टक्के बायकांनी चार वेळा तपासणी करून घेतली. टक्का वाढला की कौतुक, कमी झाला की बायकांमध्ये जागरूकता नाही असं एक वाक्य. मी बरीच वर्षं गरोदर बायकांच्या ओपीडीत आणि लेबर रूममध्ये नर्स होते, त्यामुळे हा आकडा दिसला की मला एकच विचारावंसं वाटतं, त्या चार वेळेला नेमकं झालं काय? कार्डावर तारीख आणि सही दोन मिनिटांत पण होते आणि अर्धा तास नीट बघून पण होते, आकड्यात दोन्ही सारखंच धरलं जातं.

साधं बीपीचं घ्या. बाई चालत आलेली असते, रांगेत ताटकळलेली असते, तिला स्टुलावर बसवून लगेच बाहीवरूनच पट्टा गुंडाळतात आणि येईल तो नंबर लिहून मोकळे होतात, काही ठिकाणी तर न मोजताच १२० / ८० लिहिलेलं मी बघितलंय आणि तेव्हा खूप राग आला होता. पाच मिनिटं तिला शांत बसू द्या, पाठ टेकलेली, दंड उघडा, पट्टा दंडाच्या मापाचा, एवढं केलं तरच त्या रीडिंगला अर्थ आहे. आणि १४० / ९० किंवा त्याच्यावर आलं तर थोड्या वेळाने परत मोजायचं आणि लघवीत प्रोटीन जातंय का बघायचं. वीस आठवड्यांनंतर बीपी चढलं आणि लघवीत प्रोटीन निघालं की तो प्रीएक्लॅम्प्सिया नावाचा गरोदरपणातला आजार, आणि ह्यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे बाईला पुष्कळदा काहीच जाणवत नाही, ती हसत बसलेली असते, मला काही त्रास नाही सिस्टर म्हणते. पुढे झटके आले तर आईचा आणि बाळाचा दोघांचा जीव धोक्यात. मॅग्नेशियम सल्फेट दिलं तर झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, २००२ साली ३३ देशांतल्या सुमारे १०,००० बायकांवर केलेल्या अभ्यासात हे सिद्ध झालंय. म्हणजे औषध आहे, उपाय माहीत आहे, फक्त बीपी खरं मोजलेलं पाहिजे.

त्याच्याही आधीची गोष्ट म्हणजे पहिल्या भेटीत नीट विचारपूस. मागच्या बाळंतपणात बीपी वाढलं होतं का, आधीपासून बीपी, डायबेटिस किंवा किडनीचा आजार आहे का, पोटात जुळं आहे का. अशा बायकांना डॉक्टर लवकर, म्हणजे १२ ते २० आठवड्यांच्या मध्ये कमी डोसची ॲस्पिरिन सुरू करतात, त्याने प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका घटतो. पण हे कळायला ती लवकर यायला पाहिजे आणि आल्यावर तिला कुणीतरी बसवून विचारायला पाहिजे. सहाव्या महिन्यात विचारून ती वेळ निघून गेलेली असते.

रक्ताच्या तपासण्यांचं पण असंच आहे. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे गरोदरपणातला ॲनिमिया, मग आयर्नच्या गोळ्यांची पाकिटं हातात देतात आणि "रोज घ्या" एवढंच सांगतात. गोळीने शौचाला काळं होतं, कधी मळमळतं, बद्धकोष्ठ होतं, हे आधी सांगितलं नाही तर बाई घाबरून चार दिवसांत गोळ्या बंद करते आणि पुढच्या वेळी रागावतील म्हणून घेते असं सांगते. चूक तिची आहे का? सिफिलिस ह्या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजाराची तपासणी तर कित्येकांना माहीतच नसते. एका बोटाच्या रक्तात होते, पॉझिटिव्ह आली आणि वेळेवर पेनिसिलिन दिलं तर बाळ वाचतं. पण रिपोर्ट पुढच्या वेळी घेऊन जा म्हटलं आणि ती पुढच्या वेळी आलीच नाही तर?

आणि ती का येत नाही हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लोक म्हणतात अज्ञान, घरचे पाठवत नाहीत, लांब पडतं. ते पण असतंच. पण मी ज्यांच्याशी बोलले त्यातल्या खूप जणींनी सांगितलं की तिथे आमच्याशी नीट बोलत नाहीत. पडदा न लावता तपासतात, वय आणि कितवं मूल ते सगळ्यांसमोर मोठ्याने विचारतात, काही शंका विचारली की "तुला काय करायचंय" म्हणतात, कळा देताना ओरडली तर तिच्यावरच ओरडतात. जी बाई तपासणीच्या दिवशी असा अपमान गिळून घरी गेली ती रात्री कळा सुरू झाल्यावर दवाखान्यात जायला मागेपुढे बघणारच, आणि तिच्याकडून ऐकलेल्या शेजारणी पण. १९९४ मध्ये थॅडियस आणि मेन ह्या दोघी संशोधकांनी मातामृत्यूच्या मागे तीन उशीर सांगितले होते, जायचं ठरवायला उशीर, पोचायला उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. आपण पहिल्या उशिराचं खापर बाईवर आणि तिच्या घरच्यांवर फोडतो. पण तिथे गेल्यावर कसं वागवतील हे ठाऊक असलं की पाय आपोआप जड होतो, म्हणजे पहिला उशीर बराचसा आपल्याच वॉर्डात तयार होतो.

आता कुणी म्हणेल की तपासण्या एकदम व्यवस्थित झाल्या, सगळं नॉर्मल आलं, मग दवाखान्यात कशाला जायचं. इथे मला स्पष्ट सांगायचंय, बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव सगळं नॉर्मल असलेल्या बाईला पण होतो आणि तो कुणाला होणार हे आधी खात्रीने सांगता येत नाही. तेव्हा बाळ बाहेर आल्याबरोबर रक्तस्राव आटोक्यात ठेवणारं ऑक्सिटोसिन हे औषध देणारं आणि रक्त किती गेलं हे बघणारं माणूस शेजारी लागतं. म्हणून तपासणीचं एक मोठं काम हे आहे की बाईचा त्या जागेवर विश्वास बसावा आणि ती बाळंतपणाला तिथेच यावी. हे काम कुठल्याच मशीनने होत नाही, बोलण्यानेच होतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली चारच्या ऐवजी कमीत कमी आठ भेटी सांगितल्या, पहिली १२ आठवड्यांच्या आत, मग २०, २६, ३०, ३४, ३६, ३८ आणि ४० आठवड्यांना. शेवटच्या महिन्यांत जास्त भेटी आहेत ते योग्यच आहे, बीपी तेव्हाच जास्त चढतं. पण गर्दी तीच, नर्स तितक्याच, आणि भेटी दुप्पट केल्या तर दोन मिनिटांच्या एक मिनिटावर येतील ही मला भीती वाटते. एकटी सिस्टर सकाळपासून शंभर कार्डं भरत असेल तर तिच्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची, तिला पण माणसं द्या, कार्ड भरायला वेगळा माणूस द्या. त्याच मार्गदर्शनात बाईची फाईल तिच्याच हातात असावी असं पण म्हटलंय, ते लगेच करता येण्यासारखं आहे, म्हणजे रात्री दुसऱ्या दवाखान्यात जायची वेळ आली तर तिथल्या डॉक्टरला सगळं समोर दिसेल. कळांच्या वेळी तिला पाहिजे ते माणूस सोबत असू द्यावं हे पण त्यांनी सांगितलंय, तरी अजून किती ठिकाणी दारातूनच हाकलतात.

धोक्याच्या खुणा तर प्रत्येक भेटीत सांगायलाच पाहिजेत. अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, खूप डोकं दुखणं, डोळ्यांसमोर अंधारी, चेहऱ्यावर अचानक सूज, ताप, झटके. नुसतं सांगून सोडायचं नाही, तिच्याकडून परत म्हणवून घ्यायचं, आणि ह्यातलं काही झालं तर रात्री दोनला कुठे आणि कशाने जायचं ते पण तिच्या घरच्या माणसासमोर ठरवून घ्यायचं. मी हे करायचे तेव्हा सुरुवातीला बायका लाजायच्या, मग पुढच्या वेळी स्वतःहून म्हणून दाखवायच्या.

२०२३ मध्ये जगात अंदाजे २,६०,००० बायका गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतर थोड्याच दिवसांत गेल्या, म्हणजे रोज ७०० च्या वर, आणि ह्यातल्या बहुतेक वाचवता येण्यासारख्या होत्या. ह्यातल्या कित्येकींच्या कार्डावर पण तपासणी झाल्याची सही असणार.

म्हणून तुम्हाला विनंती आहे, पुढच्या वेळी अशी बातमी छापाल तेव्हा आरोग्य खात्याला आणि हॉस्पिटलवाल्यांना एवढं विचारा की किती जणींचं बीपी, रक्त आणि लघवी तिन्ही प्रत्यक्ष तपासलं, किती जणींना रिपोर्ट त्याच दिवशी मिळाला, किती जणींना धोक्याच्या खुणा सांगता येतात, आणि बाहेर पडताना बायकांना विचारा की परत याल का. त्यांची उत्तरं टक्क्याच्या शेजारीच छापा.

आपली,
एक निवृत्त नर्स