पडवीतली सतरंजी

पूर्णगड,
शनिवार, रात्री

ती. बाबा आणि सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

डोळ्याची पट्टी निघाल्यावर बाबांनी सगळ्यांत आधी दादाकडच्या भिंतीवरचं पंचांग लांबून वाचून दाखवलं आणि वहिनीची एकादशी चुकल्याचं तिला सांगितलं, हे ऐकून खूप हसलो. म्हणजे ऑपरेशन उत्तम झालंय.

इथलं सगळं ठीक आहे असं मी रोज फोनवर सांगतो. ते पूर्ण खरं नव्हतं, म्हणून हे पत्र. फोनवर आई दुसऱ्याच वाक्याला "आवाज असा का येतोय रे?" म्हणते आणि मी रहाटाच्या दुरुस्तीचं काहीतरी सांगत सुटतो.

आंब्याचा पहिला मोहोर ढगाळ हवेत गेला, तुडतुड्यांसाठी फवारण्या वाढल्या, औषधवाल्याची उधारी झाली आणि मार्चमध्ये पतपेढीचा हप्ता आहे, एवढं तुम्हाला माहीत आहे. माहीत नाही ते असं, की संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी उठलो तर मान डावीकडे वळेचना. टेम्पो मागे घ्यायला गड्याला खाली उतरवून "येऊ दे, येऊ दे" करायला लावलं, तरी गडग्याचे दोन चिरे पाडलेच. (बाबा, परत बसवलेत.)

रत्नागिरीला डॉक्टरांना दाखवलं. एक्स-रेमध्ये काही नाही. त्यांनी झोपेचं विचारलं. मी म्हटलं, दहाला अंथरुणावर असतो. ते म्हणाले, "अंथरुणाचं नाही, झोपेचं विचारतोय." तेव्हा सांगावं लागलं की दोनेक महिने रात्री अडीचला जाग येते, मग मोबाइलवर हवामान आणि वाशीचे भाव बघत पडतो. जसं काही मी बघितल्यावर ढग समुद्रात परत जाणार होते.

त्यांनी समजावलं ते मला पटलं. दिवसभर मान मागे टाकून कलमाच्या शेंड्याकडे बघायचं, फवारणीची गन वर धरून खांदे कानाला लावायचे आणि रात्री तीच मान मोबाइलवर वाकवायची. त्यात काळजी. काळजीत असलं की शरीर संकटाच्या तयारीला लागतं: अ‍ॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल रक्तात येतात, छाती धडधडते, श्वास वरच्यावर चालतो, स्नायू ताठतात. पाखाडीत फुरसं आडवं आलं तर हे सगळं कामाचं. पण फुरसं दोन मिनिटांत निघून जातं, हप्ता मार्चपर्यंत समोर बसून असतो. मान बिचारी तोपर्यंत पहाऱ्यावर.

त्यांनी मानेचे चार व्यायाम दिले आणि योगासनं करा म्हणाले. देवळाच्या सभामंडपात सकाळी सहाला आपल्या शाळेच्या निवृत्त बाई वर्ग घेतात, तिथे गेलो. सात बायका आणि मी. पुढे वाकलो तर बोटं गुडघ्यांच्या खाली जाईनात. बाई म्हणाल्या, "पावकी विसरलास ते एक वेळ चालेल, श्वास घ्यायलाही विसरलास?" दुसऱ्या दिवशी जाणार नव्हतो. पण त्या रात्री चारपर्यंत सलग झोप लागली होती, म्हणून गेलो.

आता वर्ग नसेल तेव्हा पडवीत सतरंजी टाकून घरीच करतो. आधी ताडासन. मग हातापायांवर ओणवं होऊन मार्जारासन, मांजर पाठ काढतं तसं. मग टाचांवर बसून कपाळ जमिनीला टेकायचं, ते शशांकासन. यातच खांदे कानांपासून खाली उतरतात, अगदी जाणवतं. प्रत्येक ताण वीस-तीस सेकंद धरायचा आणि झटका द्यायचा नाही. बाईंचं सांगणं असं की स्नायू एकदम ओढला तर तो फाटू नये म्हणून उलट आखडतो, हळूहळू ओढून थांबलं की सोडतो. दुखेपर्यंत ओढण्यात शौर्य नाही. पतंजलीचं 'स्थिरसुखमासनम्' बाबा पाठ म्हणायचे. त्यातलं स्थिर मी ऐकलं होतं, सुख राहून गेलं होतं.

शेवटी श्वास. चार मोजत घ्यायचा, सहा-सात मोजत सोडायचा. मनगटावर बोट ठेवून बघा, श्वास घेताना नाडी किंचित पळते, सोडताना मंदावते. शरीराची विसाव्याची यंत्रणा व्हेगस नावाच्या नसेतून हृदयाचा वेग उतरवते आणि लांब उच्छ्वासाला तिचा जोर वाढतो. (वय वाढतं तसा हा फरक कमी होतो. बाबा, तुम्हाला नाही लागला तर लगेच दादाला दवाखान्यात पिटाळू नका.) हे नुसतं भाविकपणाचं बोलणं नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं तेच योगाचे परिणाम प्रयोगशाळेत तपासायला, असं बाईंनी सांगितलं.

हप्ता काही यानं कमी झालेला नाही. उधारीही तेवढीच आहे. पण अडीचला जाग आली तर मी मोबाइल न घेता दहा-बारा श्वास मोजतो आणि बहुतेक वेळा आठव्या-नवव्यालाच झोपतो. औषधवाल्याशी बोलायचं महिनाभर टाळत होतो, परवा जाऊन बोललो. त्यानं एप्रिलपर्यंत थांबायचं कबूल केलं.

बाबा, लहानपणी तुम्ही आम्हाला पहाटे खळ्यात बारा सूर्यनमस्कार घालायला लावायचात, तेव्हा मला तुमचा फार राग यायचा. पण हल्ली सतरंजीवर पडलो की मला २०२१ आठवतं. तौक्ते वादळ येऊन गेलं होतं, काढणीला आलेलं फळ मातीत पडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे बागेकडे धावले आणि तुम्ही आधी खळ्यातल्या फांद्या बाजूला करून नमस्कार घातलेत. आई चिडली होती, "हे काय आत्ता?" म्हणून. मलाही तो हट्ट वाटला होता. त्या वेळी विचारायला हवं होतं. आल्यावर विचारणार आहे.

सध्या मात्र नमस्कार नकोत. डोळ्याचे डॉक्टर हो म्हणेपर्यंत पुढे वाकायचं नाही, डोकं खाली जाईल असं काहीच नाही. ब्लडप्रेशर आहे म्हणून श्वास रोखून धरायचा नाही, आणि गोळी चालूच ठेवायची. खुर्चीत ताठ बसून खांदे मागे फिरवा, घोटे फिरवा, आणि तो लांब उच्छ्वास. खुर्चीवरचं म्हणजे म्हाताऱ्यांचं असं म्हणाल, म्हणून सांगतो, खुर्ची, पट्टे, उशा वापरून आसनं करायला बी. के. एस. अय्यंगारांनी शिकवलं, आणि तेही तुम्ही आहात त्याच पुण्यात.

आई, तुझी कंबर उभ्यानं भाकऱ्या करून धरते. जेवणाआधी जमिनीवर उताणी पड, पोटऱ्या खुर्चीवर ठेव, दहा मिनिटं तशीच राहा. उठताना कुशीवर वळून ऊठ. त्या दहा मिनिटांत वहिनीला स्वयंपाकातलं काही सांगायचं नाही, हे सगळ्यात अवघड आसन आहे.

खाडीकडच्या कलमांना दुसरा मोहोर बरा आलाय. गुरुवारी फवारणी आहे, सकाळी फोन उचलला नाही तर काळजी करू नका.

आणि आई, ट्रंकेतली निळी सतरंजी कुठे गेली म्हणून तू विचारत होतीस ना, ती हीच. तिच्यावर औषधाचा डाग पडलाय. दोनदा धुतली, जात नाही.

तुमचा,
धाकटा