प्रबंधात तू कुठे आहेस?

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पदव्युत्तर प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाचा, म्हणजे आधीच्या संशोधनाच्या आढाव्याचा, कच्चा खर्डा वाचून काढला. मेहनत भरपूर घेतली आहेस, पण तू त्यात कुठेच सापडत नाहीस. पानोपानी आपलं ‘अमुक यांच्या मते’ आणि ‘तमुक यांनी नोंदवले आहे’. ही कात्रणवही झाली गं! कोणाचं कोणाशी पटत नाही, का पटत नाही, आणि कोणता मुद्दा सगळ्यांच्याच हातून निसटला, हे आढाव्यात यायला हवं. तो निसटलेला मुद्दा म्हणजेच तुझा संशोधन प्रश्न.

‘मी नवीन काय सांगणार?’ म्हणून धास्तावली आहेस. ज्ञानात मोलाची भर घालण्याची अट पीएचडीला. तुझ्याकडून अपेक्षा एवढीच, की एक नेमका प्रश्न धरून त्याचा पद्धतशीर छडा तुला स्वतःला लावता यावा. पानांची तर चिंताच सोड. गणितज्ञ जॉन नॅश यांचा 1950 चा पीएचडी प्रबंध जेमतेम 28 पानांचा होता. (तू नॅश नाहीस, तेव्हा पद्धतीचं प्रकरण आखडू नकोस!) माणसं कशी निवडलीस, किती जणांनी नकार दिला, प्रश्नावली मध्येच बदललीस का, सगळं लिही. ते वाचून दुसऱ्या कोणाला तेच काम पुन्हा करता आलं पाहिजे.

गृहीतक चुकीचं ठरलं तर तसं सरळ लिही. मर्यादांमध्ये ‘नमुना लहान होता’ एवढं म्हणून मोकळी होऊ नकोस. त्यामुळे नेमका कोणता निष्कर्ष कच्चा राहिला ते सांग. मात्र हाती आलेल्या उत्तरावरच पाणी सोडू नकोस. खगोलशास्त्रज्ञ सिसिलिया पेन यांच्या 1925 च्या प्रबंधातले आकडे सांगत होते, की ताऱ्यांत हायड्रोजन प्रचंड प्रमाणात आहे. हेन्री नॉरिस रसेल यांच्यासारख्या बड्या शास्त्रज्ञाला ते पटेना. मग पेनबाईंनी प्रबंधातच लिहून टाकलं, की हे प्रमाण जवळजवळ नक्कीच खरं नसावं. पुढे 1929 मध्ये रसेल स्वतः वेगळ्या मार्गाने त्याच उत्तराला पोचले. गाइडचं ऐक, शंका नोंदव, पण पुरावा तुझ्या बाजूने असेल तर ते वाक्य खोडू नकोस. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, त्यावरच प्रश्न येतील.

संदर्भसूची वाचता वाचताच भरत जा, नाहीतर शेवटी पृष्ठक्रमांक शोधत बसशील. सारांश सगळ्यात शेवटी लिही. आढावा नव्याने लिहिलास की पाठव. तोवर तिसऱ्याला हात लावू नकोस.

तुझी,
आई