तारसर-मारसर ट्रेक : रविवारी सरावाला जोतिबा

मंडळी, काश्मीरला येणाऱ्या सगळ्यांनी रविवारी पहाटे साडेपाचला पंचगंगा घाटावर जमायचं. तिथून चालत जोतिबा. पाठीवरची सॅक १० किलोची हवी. कपडे कमी पडले तर कांदे-बटाटे भरा. बूट नवे घेतले असतील तर तेच घाला, टाच सोलायची तर इथंच सोलू दे.

काश्मीरातलं तारसर तळं साधारण ३,८०० मीटरवर आहे, आपला पन्हाळा हजाराच्या आत. ३,००० मीटरच्या वर मुक्काम एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त चढवायचा नाही, म्हणून वाटेतल्या शेकवासच्या मुक्कामाला एक रात्र वाढवली आहे. तिथं उंचीनं डोकं दुखलं तर लपवू नका, लगेच सांगा. कुणासाठीही मागं फिरायची आपली तयारी आहे.

तळ्यात साबण अजिबात नाही. आधार कार्डाची प्रत रविवारीच द्या.