सातवे की आठवे, आधी ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत शाळकरी मुलांनी जुनी पुस्तके सुचवली. कल्पना चांगली, मुलांचे कौतुकही आहे. पण वर ठळक टाइपात 'सातवे दशक' आणि खाली चौकटीत 'सत्तरचे दशक'? विसाव्या शतकाचे सातवे दशक १९६१ ते १९७०. सत्तरचे म्हणजे आठवे. एवढा हिशेब तरी मोठ्यांना जमावा.

आता यादी. 'तोत्तोचान' जपानमध्येच १९८१ साली निघाले आणि त्यातली शाळा आहे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. 'वनवास' १९९४चे, 'श्यामची आई' १९३५ची. पुस्तक काढले कधी आणि त्यातली गोष्ट कधीची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपण त्यांची भेळ केलीत. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मात्र साधारण साठ-सत्तरच्या काळातला. त्याच्या शेजारी चित्र कशाचे, तर २०१७च्या चित्रपटाचे! धन्य.

दोष मुलांचा नाही. पिवळी पाने दिसली की घरातले सांगतात, 'हे आमच्या वेळचं.' तपासायला मात्र दोन मिनिटे पुरतात. नावाचे पान उलटून मागे 'पहिली आवृत्ती' ही ओळ बघावी. खालची पुनर्मुद्रणाची तारीख घेऊ नये, ग्रंथालयाचा शिक्का तर मुळीच नाही. ती पुस्तक दाखल झाल्याची तारीख असते. साल शकात असेल तर त्यात ७८ मिळवावेत, आणि महिना पौषाच्या पुढचा असेल तर बहुधा ७९. बांधणीवाल्याने ते पान चिकटवून टाकले असेल (फार वेळा टाकतो), तर किंमत बघावी. आणे असतील तर पुस्तक साधारण १ एप्रिल १९५७च्या आधीचे. 'न. पै.' (नवे पैसे) असेल तर त्यानंतरचे, १९६४च्या आसपासपर्यंतचे. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर प्रत १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. नुसते 'पुणे २' किंवा 'मुंबई ४' असेल तर बहुधा आधीची. बहुधा अशासाठी की जुन्या सवयीने पत्ते पुढेही तसेच छापले जात. 'कांहीं', 'नांव' असे अनुस्वार दिसले तर जुळणी १९६२च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीची असण्याचा संभव मोठा. ते नसले म्हणून पुस्तक नवे ठरत नाही. नव्या आवृत्तीत अनुस्वार काढून टाकतात.

शिफारशींचेही तेच. 'संस्कारक्षम' हा शब्द दहा वर्षांचे कोणते मूल आपणहून लिहिते? मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून पालकांनी पाठवला आणि आपण छापला. मुलांना तीनच गोष्टी विचारायच्या: कुठल्या पानावर हसलास, कुठे कंटाळलास, कुठला शब्द अडला. पानाचा आकडा मागितला की न वाचता लिहिणारे आपोआप गळतात. साठ शब्द पुष्कळ झाले, आणि मुलाचे वाक्य दुरुस्त करू नये. अख्ख्या पानावर जिवंत वाक्य एकच होते: ट्रंककॉल म्हणजे हत्तीचा आवाज असेल असे वाटले! (ट्रंककॉल म्हणजे पूर्वीचा परगावचा फोन, पण ट्रंक म्हणजे सोंडही.) ते आपण कोपऱ्यात, सर्वांत बारीक टाइपात टाकलेत.

एका मुलीने 'किशोर'चे जुने अंक सुचवले होते. बालभारतीचे हे मासिक सुरू झाले नोव्हेंबर १९७१मध्ये, म्हणजे नेमके सत्तरच्या दशकातले, विषयाला धरून. त्यापुढे आपली टीप: 'आता मिळत नाहीत.' जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवले आहेत, साहेब. टीप लिहिण्याआधी एकदा शोधून पाहायला काय हरकत होती? बाकीच्या पुस्तकांपुढे जुन्या प्रतीवरची किंमत छापली आहे, 'रु. ४' वगैरे. आता कोणी पोर पाच रुपयांची नोट घेऊन दुकानात गेले तर सुटे पैसे आपण देणार का?

जाता जाता, क्यूआर कोड पुरवणीच्या घडीवर छापू नये. घडी पडली की चौकोन मोडतो आणि फोन तो बरेचदा वाचत नाही. शब्दकोड्याची उत्तरेही त्यातच होती.

कळावे,
आपला,
एक वाचक, पुणे ३०
(पिन मुद्दाम लिहिलेला नाही.)