सात तासांचे सातशे

कराड,
रविवार, दुपार

चि. सौरभ यास,
अनेक आशीर्वाद.

नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी लोकांच्या गाड्या साफ करून द्यायचा धंदा तू सुरू केलास, त्याच्या भावाबद्दल मी फोनवर बोलायला गेले तर तू म्हणालास, "आई, तुला गाड्यांतलं काय कळतंय?" खरंच आहे. हॅचबॅक कुठली आणि सेदान कुठली हे मला अजून डिकी बघितल्याशिवाय ओळखता येत नाही. म्हणून तेव्हा गप्प बसले. पत्रात मात्र तुला मला मधेच थांबवता येणार नाही. खर्ड्याचा डबा आधी फ्रिजमध्ये ठेव आणि मग वाच.

गेल्या महिन्यात मी चिंचवडला आले होते, तेव्हा त्या शनिवारी पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसले होते. तुला वाटलं आई कौतुकाने बघतेय. कौतुक होतंच रे. पण मांडीवर पार्लरची डायरी होती आणि मी घड्याळ बघून टिपून ठेवत होते. दहा वाजून पाच मिनिटांनी तू वरच्या मजल्यावरच्या काकांच्या इनोव्हावर पहिलं पाणी मारलंस. चाकं, फोम, शाम्पू, पुसणं यात पावणेबारा झाले. मग आतलं काम सुरू झालं आणि तिथे वेळ कुठे गेला ते तुलाही कळलं नाही. शेवटच्या रांगेतल्या सीटखालचा चिवडा, सीटच्या पट्ट्यांच्या खाचेत वितळलेलं चॉकलेट, एसीच्या जाळीतली धूळ तू ब्रशने एकेक फट करत काढलीस. जेवायला वीस मिनिटं. पाच पंचवीसला दारं लावलीस. काकांनी विचारलं, "किती द्यायचे रे?" तू जमिनीकडे बघून म्हणालास, "द्या ना काका, सातशे."

ते "द्या ना" ऐकलं आणि मला १९९८ आठवलं. आपल्या पुढच्या खोलीत एक आरसा आणि एक खुर्ची घेऊन मी पार्लर सुरू केलं, तेव्हा मीही अशीच "द्या ना वहिनी, काय द्यायचं ते" म्हणायची. वहिनी द्यायच्या, काय द्यायचं ते! पहिलं वर्षभर घरखर्चातले पैसे पार्लरमध्ये जात होते आणि मी लोकांना सांगत होते की धंदा छान चाललाय. ते तुझ्या बाबांनी एकदा वहीत मांडून दाखवलं तेव्हा दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नव्हते. तू माझ्याशी चार दिवस बोलू नकोस, चालेल.

आता तुझा हिशोब. सात तास आणि सातशे रुपये. शाम्पू, आतला क्लीनर, टायरचं काळं पॉलिश, दोन कापडं बाद झाली, असं मिळून २१० रुपये गेले. हे आकडे तूच मला सांगितलेस. उरले ४९०, म्हणजे तासाला ७०. यात यंत्रांचा एक पैसा धरलेला नाही. प्रेशर वॉशर ९,५००, ओलं-कोरडं ओढणारा व्हॅक्यूम ६,८००, ते गोल फिरणारं पॉलिशचं मशीन ८,५००, आणि बादल्या, पॅड, टॉवेल, लांब वायर मिळून ६,४००. एकूण ३१,२००. ही सगळी दोन वर्षं टिकली असं धरू. तू म्हणतोस शनिवार-रविवार मिळून तीन गाड्या होतील. वर्षाचे बावन्न आठवडे धरू नकोस. लग्नं आहेत, गणपती आहेत, कराडला येणं आहे, एखादं आजारपण आहे. चाळीस धर. वर्षाला १२० गाड्या, दोन वर्षांत २४०. म्हणजे प्रत्येक गाडीमागे यंत्रांचे १३० रुपये तुझ्या खिशातून जाणार आहेत, दिसत नसले तरी.

पार्लरमध्ये नव्या मुली नेहमी क्रीमची किंमत धरतात आणि वेळ धरत नाहीत. फेशियलचं क्रीम चाळीस रुपयांचं लागलं, दीडशे घेतले, मग एकशे दहा सुटले! पण त्या दीड तासात दारात आलेल्या तीन आयब्रो परत गेल्या, ते कोण मोजणार? तुझंही तसंच आहे. गाडीवर हात फिरतो तेवढाच वेळ तू धरतोस. सामान उतरवणं, नळ शोधणं, वायर टाकणं, घरी येऊन टॉवेल धुणं, व्हॉट्सअ‍ॅपवर "उद्या नको, परवा जमेल का" हे सगळं वरचा एक तास खातं. छोट्या गाडीला आतून-बाहेरून चार तास लागले तर पाच लिही.

त्या तासाचा भाव किती? कंपनी तुला महिन्याला ३२,००० देते. बावीस दिवस, नऊ तास, म्हणजे तासाला साधारण १६०. तुझा रविवार सोमवारपेक्षा स्वस्त कसा असेल? शनिवार-रविवार तू झोप सोडून, मित्र सोडून देतोयस. २०० तरी धर. पाच तासांचे १,०००, सामान १८०, यंत्रं १३०, पेट्रोल ६०. झाले १,३७०. त्यावर दहा टक्के बिघाडाचे, कारण काहीतरी बिघडतंच. मग छोटी गाडी १,५००. त्याच हिशोबाने काकांची इनोव्हा, धुण्या-आवरण्याचा तास धरून, २,२०० च्या आसपास जाते. तू सातशे घेतलेस. म्हणजे काकांना तू पंधराशे रुपयांचा आहेर केलास, आणि त्यांना ते ठाऊकसुद्धा नाही.

तुझं म्हणणं मला माहीत आहे. "सोसायटीत रोज गाडी पुसणारा महिन्याला सहाशे घेतो, मग मला दोन हजार कोण देणार?" तो फडकं मारतो, तू डिटेलिंग करतोस, म्हणजे आतून-बाहेरून फट न फट साफ करतोस. दोन्ही एकाच पाटीखाली विकू नकोस. माझ्याकडेही क्लीनअप आणि फेशियल यांच्या पाट्या वेगळ्या आहेत आणि क्लीनअपवाल्या बाईला मी फेशियल गळ्यात मारत नाही. ज्यांना फडकं हवंय ते तुझं गिऱ्हाईक नाहीच. त्यांना प्रेमाने त्या पुसणाऱ्या मुलाचा नंबर दे. त्याच्या पोटावर पाय देऊन तुझा धंदा मोठा व्हायचा नाही.

फोनवर भाव सांगायचा नाही, हे मात्र घट्ट धर. मला बायका फोन करतात, "हेअर स्पा कितीला?" मी विचारते, केस खांद्यापर्यंत की कमरेपर्यंत? तू मागच्या सीटखालचा आणि डिकीचा फोटो मागव. घरात कुत्रं आहे का विचार. अलिबाग, गणपतीपुळे करून आलेत का विचार. वाळू कार्पेटमधून निघता निघत नाही हे तू मला स्वतः सांगितलंस. लहान मूल गाडीत ओकलंय का, दूध सांडलंय का, हे न लाजता विचार, कारण तो वास नुसत्या अत्तराने जात नाही आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक तुलाच फोन करतं. कार्डावर "पासून" लिही. १,५०० पासून. आणि कार्ड छापूनच घे, नाहीतर फोनमध्ये फोटो करून ठेव. लोक माणसाशी घासाघीस करतात, कागदाशी सहसा करत नाहीत. कार्डावर तीन ओळी पुरेत: फक्त बाहेरून, फक्त आतून, दोन्ही मिळून. त्या मोठ्या दुकानांसारखी सोनेरी, चंदेरी, हिऱ्याची पॅकेजं छापू नकोस. गिऱ्हाईक गोंधळलं की सगळ्यात स्वस्तावर बोट ठेवतं.

पॉलिशबद्दल मला थोडी काळजी वाटते, आणि इथे तुझं काम आणि माझं काम फार जवळ येतं. तू सांगितलंस की रंगावरचा तो पारदर्शक थर चाळीस-पन्नास मायक्रॉनचा असतो. आपला केस साधारण सत्तरचा, म्हणजे केसापेक्षाही बारीक. कंपाउंड, म्हणजे ओरखडे घासून काढायची ती पेस्ट, मारलं की त्यातले थोडे मायक्रॉन कायमचे जातात. हे ऐकल्यावर मला दर महिन्याला ब्लीच मागणारी एक बाई आठवली. तिला मी नाही म्हणायची, ती दुसरीकडे जायची. तुलाही असे लोक भेटतील. "दर दोन महिन्यांनी मस्त चमकवून दे." नाही म्हण. ओरखडे साधे असतील तर हलकं पॉलिश, आणि तेही आधी एका कोपऱ्यात हातभर जागेवर करून बघ.

मी ते एकदा केलं नव्हतं. २००४ साली, हळदीच्या आदल्या संध्याकाळी. घाई होती, नवरी सुंदर होती, मी कानामागे न लावता सरळ चेहऱ्यावर ब्लीच लावलं. दहा मिनिटांत गाल लालभडक. बर्फ, दही, कोरफड, काय काय केलं. लग्नाच्या फोटोंत तिचा मेकअप जाड दिसतो तो त्यामुळे. पैसे घेतले नाहीत, पण खरं नुकसान पैशांचं नव्हतं. त्या घरातली एकही बाई पुढे आली नाही.

दुसरी गोष्ट कानातल्याची. एका बाईने सांगितलं, तिचं कानातलं माझ्या पार्लरमध्ये हरवलं. घरीच गळालं होतं, आठवड्याने सापडलं, पण ते सात दिवस मी काढले. तेव्हापासून खुर्चीवर बसायच्या आधी दागिने तिच्यासमोर स्टीलच्या वाटीत. तू गाडी हातात घेण्याआधी मालकासमोर भोवती फिरून मोबाईलवर शूटिंग कर, जुने ओरखडे बोलून दाखव, आणि कप्प्यांतली चिल्लर, चष्मे, कागद एका पिशवीत भरून त्याच्याच हातात दे. याला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटंही भावात धर.

टॉवेलचं मी तुला तिथेच बोलले होते, पुन्हा लिहिते. पायाचा टॉवेल चेहऱ्याला लावत नाहीत. चाकांचं कापड वेगळ्या रंगाचं ठेव, आणि जमिनीवर पडलेलं कापड त्या दिवशी रंगावर परत नाही, कितीही झटकलंस तरी. धुताना कम्फर्ट घालू नकोस. तूच म्हणालास की त्याने मायक्रोफायबरच्या कापडाचं पाणी शोषणं कमी होतं, आणि बेसिनखाली मात्र तीच बाटली होती.

सिरॅमिक कोटिंगचं, म्हणजे रंगावर तो टिकाऊ चकचकीत थर चढवायचं, इतक्यात नको. पैसा त्यात आहे, मान्य. पण उघड्या पार्किंगमध्ये धूळ उडते, कोटिंग मारल्यावर दिवसभर तरी गाडीला पाणी लागू द्यायचं नसतं, आणि लोक "पाच वर्षांची गॅरंटी ना?" असं तोंडावर विचारतात. पाच वर्षांनी तू कुठे असशील हे तुला तरी माहीत आहे का? बंद जागा मिळाली की बघू. तोवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग, पावसाळ्यातला कुबट वास, सीटबेल्टवरची बुरशी, याच कामात हात बसव. ही कामं पावसाळ्यात वाढतील, तेव्हा बाहेरून धुऊन घ्यायला कोणी येणार नाही. मग दसरा. झेंडूच्या माळा घालायच्या आधी प्रत्येकाला गाडी चकचकीत हवी असते. त्या आठवड्यात भाव वाढवू नकोस, पण दोनशे रुपये आगाऊ घेतल्याशिवाय वेळही देऊ नकोस. माझ्याकडे नवरीच्या मेकअपला निम्मे पैसे आधी लागतात. पूर्वी लागत नव्हते, तेव्हा दोनदा पहाटे चारला उठून मी तयार बसले आणि कोणी आलंच नाही.

कागदांचं थोडक्यात. कंपनीचं नेमणूकपत्र काढून वाच, बाहेरचं काम करायला मनाई आहे का बघ. सोसायटीच्या सेक्रेटरींना पाण्याबद्दल आधी विचार, टँकर येणाऱ्या सोसायटीत शंभर लिटर पाणी सांडलं की भांडण ठरलेलं. उद्यमची, म्हणजे छोट्या धंद्याची, नोंदणी सरकारी साइटवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नकोस. सेवेच्या धंद्याला जीएसटीची नोंदणी वर्षाला वीस लाखांच्या वर लागते, तिथवर पोचलास की मी पेढे वाटीन. पण वही आजपासून लिही, आणि हे उत्पन्न रिटर्नमध्ये दाखव.

ओळखीच्यांचं काय करायचं हे तू विचारलं नाहीस, पण तिथेच तुझं पाणी गळतंय. माझा नियम असा आहे: ओळखीच्या माणसाला भाव कमी नाही, काम थोडं जास्त. शेजारच्या मावशींच्या फेशियलचे पैसे मी पूर्ण घेते आणि मानेला पाच मिनिटं जास्त मालिश करते. त्या खूश, मी खूश. काकांना पुढच्या वेळी बावीसशे सांग आणि डिकीतली स्टेपनी काढून तिच्याखालचा चिखल धुऊन दे. आधी सातशे घेतलेस ते कबूल कर. म्हण, "काका, तेव्हा मला अंदाज नव्हता." ते रागावले तर रागावू देत. काकूंना मी ओळखते, त्या गाडी तुझ्याकडेच पाठवतील. तो चिवडा त्यांच्या नातवाचा होता.

भाव सांगितल्यावर गप्प राहायचं. हे मला सगळ्यात उशिरा जमलं. आकडा तोंडातून निघाला की आपल्यालाच राहवत नाही आणि आपणच पुढे म्हणतो, "पण तुमच्यासाठी करू काहीतरी." समोरच्याने अजून तोंडसुद्धा उघडलेलं नसतं.

दिवाळीला येशील तेव्हा आपली वॅगनआर आतून-बाहेरून करून हवी आहे. मागच्या सीटवर बाबा रोपांची माती नेतात, फोटो पाठवते. पैसे मी देणार, माझ्या पार्लरच्या पैशांतून. बाबांना मी काही बोलले नाहीये, भाव त्यांनाच विचारू दे. ते घासाघीस करतील.

तुझी,
आई