आशूला राजीनामा लिहू देऊ नका

नागपूर
24 सप्टेंबर 2024

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही एकच विचारत होता, पोट्ट्यानं कंपनीत काही केलं का. आशूनं काही केलं नाही. पोळ्याला सुटीवर आला, बैलबंडीवरून पडला, मनगट मोडलं. प्रोबेशनवर, म्हणजे कायम होण्याआधीच्या चाचणीच्या काळात, असलेल्या माणसाला काढणं सोपं, म्हणून कंपनीनं काढलं. तेव्हा घरात त्याला कोणी बोलू नका. आई, लोक काय म्हणतील ते तू सध्या राहू दे.

सगळ्यात आधी राजीनाम्याचं. काढल्याचं पत्र 20 तारखेचं आहे आणि तरीही एचआरचा माणूस फोन करून राजीनामा मागतो आहे, 'अनुभवाचा दाखला चांगला देतो' म्हणतो. स्वतःच्या पत्रात कच्चेपणा आहे हे कंपनीला कळतं, म्हणून हा आग्रह. राजीनामा दिला की कागदोपत्री आशू स्वतः सोडून गेला, मग भांडायला काही उरत नाही. कोऱ्या कागदावर किंवा 'हिशेब पूर्ण मिळाला, काही तक्रार नाही' अशा छापील पावतीवरही सही नको. पैसे मात्र घ्यायचे. कंपनीनं काढलं तर उरलेला पगार काढल्यानंतरचा दुसरा कामाचा दिवस संपायच्या आत द्यावा लागतो, तसा कायदा आहे. पावतीवर सहीच्या वर हातानं लिहायचं: 'हक्क राखून रक्कम स्वीकारली.'

आता ईएसआय, म्हणजे पगारातून कपात होते तो कामगारांचा सरकारी विमा, कारण खरे पैसे तिथे आहेत. आजारपणाच्या रजेत सरासरी रोजाच्या (एका दिवसाच्या पगाराच्या) 70 टक्के रक्कम मिळते, वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस. इजा कामावर झालेली असण्याची अट नाही, सुटीत घरी पडला तरी चालतं. अट वेगळी आहे, आणि प्रोबेशनवरची बहुतेक मुलं तिथेच अडकतात. आयुष्यात पहिल्यांदाच विम्यात आलेल्याला पहिले नऊ महिने हा रोख लाभ मिळत नाही. आशू मात्र मेमध्ये बुटीबोरीच्या या कंपनीत लागण्याआधी हिंगण्याच्या कंपनीत होता आणि तिथेही त्याची ईएसआयची कपात होत होती. 1 ऑक्टोबर ते 31 मार्च या सहा महिन्यांत 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर त्यापुढच्या 1 जुलै ते 31 डिसेंबरमध्ये लाभ मिळतो. म्हणजे आजचा लाभ हिंगण्याच्या वर्गणीवर ठरणार आहे.

गोंधळ इथे होतो: नवी कंपनी जुना दहा आकडी विमा नंबर न विचारता नवा काढते. मग संगणकात हिंगण्याचे दिवस दिसत नाहीत आणि खिडकीवरचा माणूस 'पात्र नाही' म्हणून परत पाठवतो. तसं झालं तर दोन्ही नंबर एकत्र जोडून द्या असा लेखी अर्ज ईएसआयच्या शाखा कार्यालयात द्यायचा आणि पोच घ्यायची. रोज सरासरी 500 रुपये धरला तर दिवसाला 350. प्लास्टर 42 दिवसांचं, पहिल्या दोन दिवसांचे मिळत नाहीत, उरलेल्या 40 दिवसांचे 14,000.

आजारपणाचा दाखला ईएसआयच्या डॉक्टरचाच लागतो. खासगी डॉक्टरचा दाखला आपोआप चालत नाही, म्हणून एक्स-रे, केसपेपर आणि औषधांची बिलं घेऊन त्यानं आपला नंबर ज्या दवाखान्याशी जोडलेला आहे तिथे याच आठवड्यात जावं. मागचे दिवस मानायचे की नाही हे शाखा कार्यालय ठरवेल, पण पुढचे दिवस तरी वाया जायला नकोत.

गावात कोणी तरी सल्ला देईल, 'ड्युटीवर जाताना पडला असं लिही, 90 टक्के मिळतील.' घरून कामावर जाता-येतानाचा अपघात कामावरचा धरला जातो हे खरं आहे. पण आशू पोळ्याच्या बैलांमागे होता, अख्ख्या गावानं पाहिलं. खोटं लिहिलं तर ईएसआयच्या कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि हक्काचं आहे तेही जाईल.

याच कायद्याच्या 73 व्या कलमात लिहिलं आहे की कामगार आजारपणाचा लाभ घेत असताना मालकानं त्याला काढायचं नाही, त्या काळात दिलेली नोटीस ग्राह्य नाही. तिथे प्रोबेशन आणि पर्मनंट असा भेद नाही. म्हणून दाखल्यावरच्या तारखा आणि 20 सप्टेंबर ही तारीख एकमेकींशी कशा बसतात, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

दुसरा मुद्दा प्रोबेशनचा. नेमणूकपत्रात सहा महिने लिहिलेत. आज 2024 मध्ये महाराष्ट्रात 50 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला स्टँडिंग ऑर्डर्स (नोकरीच्या अटींचे कायदेशीर नियम) लागू होतात आणि सरकारी नमुन्याच्या, म्हणजे मॉडेल स्टँडिंग ऑर्डर्समध्ये प्रोबेशन तीन महिन्यांचं आहे. कंपनीनं स्वतःचे वेगळे मंजूर करून घेतले नसतील, तर 6 मे रोजी लागलेल्या आशूचे तीन महिने ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच संपले. वकिलाला हे पहिल्या भेटीतच सांगायचं.

पत्रातले शब्दही नीट पाहायचे. 'सेवेची गरज नाही' एवढंच असेल तर तो साधा डिस्चार्ज, म्हणजे ठपका न ठेवता काढणं. 'न कळवता गैरहजर' असा ठपका असेल तर चौकशी न करता तो ठेवता येत नाही. पडल्याच्या संध्याकाळीच आशूनं सुपरवायझरला व्हॉट्सअॅपवर प्लास्टरचा फोटो पाठवला होता. तो चॅट पुसू नका, फोन बदलू नका. नुसतं फोनवर कळवलेलं नंतर कोणी कबूल करत नाही, म्हणून आता तोच मजकूर दाखल्याच्या झेरॉक्ससह कंपनीला रजिस्टर एडीनं पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.

कामगार न्यायालयात अनुचित प्रथेची (कंपनीनं गैररीतीनं काढल्याची) तक्रार 90 दिवसांत करावी लागते, म्हणजे 19 डिसेंबरपर्यंत. माझं स्पष्ट मत सांगते: चार-साडेचार महिन्यांच्या नोकरीसाठी वर्षानुवर्षं तारखा करण्यात अर्थ नाही. 240 दिवस भरले नाहीत, त्यामुळे छाटणीची भरपाईही नाही. पण तक्रारीची तयारी दिसली की कंपनी बोलायला बसते. आपल्याला दोनच गोष्टी हव्यात: पूर्ण पैसे आणि ठपका नसलेला सेवेचा दाखला. पुढची नोकरी त्या दाखल्यावर मिळणार आहे. पीएफ काढू नका. 2024 च्या नियमानं दोन महिने बेकार राहिला तर पूर्ण काढता येतो, पण नव्या ठिकाणी त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या नंबरावर) चालू राहिला तर पेन्शनची वर्षं जोडली जातात.

आई, हाताचं तुझ्याकडे. बोटं दिवसभर हलवत ठेवायला सांग, नाहीतर प्लास्टर निघाल्यावर मूठ वळत नाही. बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा ठणका वाढतच गेला तर रात्र असली तरी सेवाग्रामच्या दवाखान्यात न्या. हाडवैद्याकडे चोळायला नेऊ नका. आणि त्याचा खर्रा बंद कर. तंबाखूनं हाड जुळायला उशीर होतो, हे त्याला डॉक्टरांनीही सांगितलं आहे. हाताला जोर येण्याआधी फिटनेसचा दाखला घ्यायची घाई त्यानं करू नये. मशीनवर उजव्या हाताचं काम आहे.

बाबा, त्याच्या खर्चापायी सोयाबीन ओली असताना व्यापाऱ्याला देऊन टाकू नका. 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये आहे, ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो. चार दिवस ऊन द्या. तोवरचं मी पाठवते. सावकाराकडे जाऊ नका.

रविवारच्या गाडीनं आशूसोबत एवढे कागद पाठवा: दोन्ही नेमणूकपत्रं, हिंगण्याच्या ऑक्टोबर ते मार्चच्या पगाराच्या स्लिपा, जुनं ईएसआय कार्ड (लोखंडी पेटीत वावराच्या सातबाऱ्यासोबत असेल), एक्स-रे, 20 तारखेचं पत्र आणि ते ज्या पाकिटात आलं ते पाकीटसुद्धा. पत्र हातात कधी पडलं, हे पाकिटावरच्या शिक्क्यावरून कळतं.

तुमची,
मनू